वृत्तात न बसणारी गोदाबाई

अमरावती जिल्ह्यात माझ्याइतका ऐकला गेलेला कवी दुसरा नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, जरा खंतावूनच सांगतो. मोठ्या कवींच्या कार्यक्रमाला खुर्च्या भरत नाहीत, म्हणून आयोजक शेजारच्या वसतिगृहातली पोरं आणून बसवतात. माझ्या कवितेला मात्र हजारभर माणसं उभी असतात. त्यांच्या हातात अक्षता असतात, पोटात भूक असते आणि मी कधी थांबतो याकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात. मी लग्नातली मंगलाष्टकं लिहितो आणि म्हणतोसुद्धा.

माझं नाव रामराव गावंडे. अकोल्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत म्हातारा झालो आणि निवृत्तीनंतर अमरावतीला राजापेठेत घर घेतलं. खाली ट्यूशन क्लास आहे, वर आम्ही राहतो. पोरं आमच्या जिन्यासमोर गाड्या लावतात आणि मित्रांना फोनवर पत्ता सांगतात, "अष्टकवाल्या सराच्या घराखाली ये." निवृत्त शिक्षकाची ओळख कशावरून तरी राहते, हेही नसे थोडके.

अष्टकवाला व्हायचं असं मी ठरवलेलं नव्हतं. मला कवी व्हायचं होतं, खरा, दाढीवाला. मराठी कवितेचा इतिहास सातेकशे वर्षांचा. आधी ओव्या आणि अभंग आले, मग पंडित कवींची संस्कृत वृत्तं, मग शाहिरांचे पोवाडे आणि लावण्या, मग सुनीत, गझल, आणि शेवटी मुक्तछंद. सगळे कवी या रस्त्याने पुढे गेले. मी एकटाच उलटा निघालो. कॉलेजात मुक्तछंद लिहिला, तो कोणाला कळला नाही. मग 'बेजार' या टोपणनावाने गझला केल्या; त्या ऐकून लोकांनी माझं टोपणनाव स्वतःला लावून घेतलं. मग सुनीतं झाली. मग एक लावणी रचली, ती हेडमास्तरांच्या हाती लागली आणि त्यांनी मला बोलावून विचारलं, "गावंडे, घरी सगळं ठीक आहे ना?" असं मागे मागे जात मी शेवटी पंडित कवींच्या वृत्तांत येऊन पडलो आणि तिथेच स्थिरावलो. आणखी मागे जायला ओवी उरली आहे. त्याच्यामागे नुसती गुहा.

या उलट्या प्रवासाची एकमेव साक्षीदार म्हणजे माझी बायको, गोदाबाई. ती पूर्णाकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नानंतर मी तिला माझी पहिली मुक्तछंदातली कविता दाखवली, तेव्हा तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "वाक्यं अशे मधातच काहून तोडले? कागद तं बाजूनं पुरा उरला हाय." पुढे बऱ्याच समीक्षकांनी मुक्तछंदावर लिहिलेलं वाचलं, पण इतकं थोडक्यात कोणी लिहिलेलं नाही. त्या दिवशी मी चिडलो होतो. महिनाभराने मुक्तछंद सोडला.

मंगलाष्टकाकडे वळलो तो पुतण्याच्या लग्नात. आलेल्या भटजींचा आवाज सर्दीने बसला होता, त्यांच्या घशातून स्वर निघेना. कोणीतरी मला पुढे ढकललं. मी घरातल्या सगळ्यांची नावं घालून चार ओळी रचल्या, खड्या आवाजात म्हटल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी कविता ऐकून माणसं रडली. माझी आत्या तर स्वतःचं नाव ऐकून इतकी हरखली की अक्षता नवरदेवावर टाकायच्या सोडून माझ्यावर टाकत बसली. तिथून माझं नाव झालं. आमच्याकडे लग्नात नातेवाइकांची नावं अष्टकात यावी लागतात. आलेलं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही, पण राहिलेलं नाव तीन पिढ्या लक्षात राहतं. अकोल्याच्या एका लग्नात माझ्याकडून थोरल्या जावयाचं नाव सुटलं, तर तो माणूस पंगतीत ताटावर हात धरून बसला. वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने मला नातेवाइकांबरोबर ट्रकचंही नाव घालायला सांगितलं होतं. मी घातलं. ट्रकचं नाव 'लक्ष्मी' होतं म्हणून निभावलं.

आता हे काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढची माझी फजिती कळायची नाही. मंगलाष्टकाचं वृत्त शार्दूलविक्रीडित. नाव वाघाचं असलं तरी वृत्त गरीब आहे, फक्त हट्टी आहे. एका ओळीत एकोणीस अक्षरं. त्यातलं कुठलं अक्षर आखूड, म्हणजे लघू, आणि कुठलं लांब, म्हणजे गुरू, हे ठरलेलं. त्यात बदल नाही. मी नाव ऐकलं की अंगठा बोटांच्या पेरांवर नाचवतो, लांब-आखूड मोजतो आणि ओळीत कुठे जागा आहे ते पाहतो. माझा एक नियम होता, आणि तो मी जिल्हाभर मिरवत असे: नावाला कात्री नाही. माणसाला लोक ज्या नावाने हाक मारतात तेच नाव, पुरं, न तोडता बसवायचं. अकोल्याच्या एका कविसंमेलनात शुभम नावाच्या पोरसवदा कवीने एक शब्द ओळीच्या शेवटी तोडून उरलेला पुढच्या ओळीत नेला होता, तेव्हा मी भर सभेत उठून त्याला झापलं होतं. "शब्द म्हणजे काय ऊस आहे, पेरावर तोडायला?" टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांचा हिशेब असा होईल हे मला माहीत नव्हतं.

आम्हाला एकच मुलगी. ती जन्मली तेव्हा गोदाबाईच्या माहेरच्यांनी पाच-सहा नावं सुचवली. मी सगळी बोटांवर मोजली आणि 'दामिनी' ठेवलं. लांब, आखूड, लांब. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत तीन ठिकाणी बसतं. म्हणजे मुलीचं नाव ठेवताना मी वृत्त पाहिलं, पण बायको करताना पाहिलं नव्हतं.

दामिनी आता बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करते. तिचं लग्न अकोल्याच्या विपुलशी ठरलं. मुलगा बँकेत, स्वभावाने गरीब, आणि नाव तीन लघूंचं. मी लगेच हो म्हटलं. साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, अकोल्याला होतं. जेवणं झाल्यावर विपुलचे वडील पंजाबराव म्हणाले, "व्याहीबुवा, तुमी म्हने कोनाचंही नाव बसोवता. माहं बसते काय? लय आडमुठं नाव हाय." मी डोळे मिटले, बोटं मोजली आणि सूर लावून ओळीचा शेवट म्हणून दाखवला: "पंजाबरावांघरी". एकही मात्रा इकडची तिकडे नाही. मांडवभर वा वा झाली. विहीणबाईंचं नाव रेणुका. त्यांनाही मी जागच्या जागी "सौ रेणुकाजी" करून दिलं. त्या लाजल्या. पंजाबराव म्हणाले, "बाप्पा, हे तं मशीनच हाय!" मी नम्रपणे मान हलवली. माझ्या नम्रतेला पाहणारे लोक लागतात, आणि त्या दिवशी पुष्कळ होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने गोदाबाईचा आवाज आला. "अन् माहं?"

सगळे हसले. तीही हसली. मी म्हणालो, "त्यात काय! तू तर घरचीच."

"घरची हावो म्हनूनच इचारलं. घरचंच राहून जाते." आणि मग सगळ्यांदेखत ती म्हणाली, "दामिनीच्या लग्नात माहं नाव पायजे. पुरं. गोदाबाई."

"पुरं म्हणजे पुरं. शब्द देतो," मी म्हणालो. मी शब्द दिला, पण मोजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी बसून बोटांवर घेतलं. गो, दा, बा, ई. लांब, लांब, लांब, लांब. चार गुरू एकापाठोपाठ एक. शार्दूलविक्रीडिताची ओळ डोळ्यांसमोर आणली. सुरुवातीला तीन गुरू लागोपाठ आहेत, आणि चौथ्या जागी लघू. मधे एकदा तीन गुरू जवळ येतात, तेही विसाव्याच्या दोन्ही बाजूंना. चार कुठेच नाहीत. मी पुन्हा मोजलं, जसं काही तेवढ्यात वृत्तात एखादी जागा वाढली असेल. या गृहस्थाने अकोल्याचे व्याही बसवले, वरूडचा ट्रक बसवला, आणि ज्या बाईच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं तिलाच याच्या कवितेत उभं राहायला जागा नव्हती.

आधी वाटलं, मार्ग काढू. गोदाबाई गच्चीवर रुखवताच्या कुरडया वाळत घालत होती. तिच्याजवळ जाऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नुसतं 'गोदा' चालेल?"

"विहीनबाईले सौ अन् जी, अन् मले नुसतं गोदा? म्हशीले हाक मारल्यावानी?"

"मग 'गोदाजी'?"

तिने कुरडई हातातच ठेवली. "गोदाजी म्हनजे मिशावाला सरदार वाटते. घोड्यावर बसोवता काय मले?"

मग मी 'गोदावरी' काढलं. ते इतकं सुंदर बसत होतं की मला ते लिहिण्याआधीच टाळ्या ऐकू येत होत्या. पण ती म्हणाली, "भटजी आधी नद्यांचं म्हनते. गंगा, यमुना, त्यात गोदावरी येतेच. लोक मले नदी समजतीन. मी नदी नाही, मी पोरीची माय हावो." तिचं म्हणणं बिनतोड होतं. एक शेवटची सूट म्हणून मी 'बाई'मधली ई आखूड करून म्हणून दाखवली. ते कानाला 'गोदाबाय' असं आलं. ती कुरडया भराभर घालायला लागली. त्या सीझनच्या कुरडया आमच्याकडे जरा जाडच निघाल्या.

दामिनीने संध्याकाळी मला वेगळा सल्ला दिला. "बाबा, मुक्तछंदात म्हणा ना. कोणाचंही नाव बसेल."

"मुक्तछंदात 'सावधान' कुठे येतं हे भटजीला कळणार नाही. तासभर अंतरपाट धरून उभे राहतील."

मग तिने मोबाइलला विचारलं. मोबाइलने क्षणात सोळा ओळी दिल्या, त्यात गोदाबाईला 'ममतेची शिदोरी' आणि मला 'वात्सल्याचा वटवृक्ष' केलं होतं. वृत्त एकाही ओळीला नव्हतं. मला फार बरं वाटलं. निदान या एका बाबतीत मशीन मीच होतो.

मी माझी पहिली ओळ त्यांना म्हणून दाखवली: 'आली मांडवि आज लाजत उभी कन्या घरी दामिनी'. दामिनी म्हणाली, "मी कधी लाजले?" ते खरं होतं. ती बडनेऱ्याला गर्दीच्या वेळी तिकीटखिडकीवर बसते, लाजून चालत नाही. पण तिथे तीन लघू हवे होते आणि खरं बोलून तीन लघू मिळत नव्हते. कवितेच्या इतिहासात अशा कारणाने किती मुली लाजल्या असतील कोण जाणे.

गोदाबाई हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "दामिनीचे बाबा, एक सांगू काय? तुमचे सारे अष्टक म्या आयकले. घरात तुमी म्हनता तवा मीच असतो आयकाले. कोनाची मावशी, कोनाचा साडू, कोनाची आत्या, साऱ्याइचे नावं मले पाठ हायेत. माहं नाव कवा आलं नाही. मी कवा म्हनलं नाही. पन आता पोरगी चालली. हे येकच लगन हाय आपल्या घरचं. नसन बसत तं तसं सांगा. मी मंग मांडवात पुढं उभी राहत नाही, मांगं राह्यतो."

ती रागावलेली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. खरं सांगून टाकायची ती वेळ होती. 'बसत नाही गं' एवढंच म्हणायचं होतं. पण साऱ्या जिल्ह्यात ज्याला काहीच अडत नाही असा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात अडला, हे मला कबूल करवेना. मी म्हणालो, "बसलं आहे. लग्नातच ऐक." आणि गच्चीवर जाऊन घाम पुसत बसलो.

चार गुरूंनी सुरू होणारी वृत्तं नाहीत असं नाही. दोन-तीन आहेत. त्यांतलं माझ्या सरावातलं एकच, मंदाक्रांता. नावाप्रमाणेच हळू पाऊल टाकणारं. चार लांब अक्षरं, मग थांबा. गोदाबाई, आणि थांबा. इतकं तंतोतंत की जणू तिच्यासाठीच शिवलं होतं. पण मंदाक्रांता हे विरहाचं वृत्त. आयुष्यभर वर्गात मी हेच शिकवलं होतं: ज्याचं माणूस दूर गेलं त्याने मंदाक्रांतेत रडावं. ते लग्नात म्हणायचं म्हणजे मांडवात रडगाणं लावण्यासारखं. शिवाय त्याची चाल वेगळी, लोकांना ओळखीची नाही. मी ते बाजूला सारलं. नियमाचा माणूस ना मी! आणि मग या नियमाच्या माणसाने काय केलं, तर नाव तोडलं.

दुसरा मार्गच दिसेना. तिसऱ्या ओळीच्या शेवटी 'आई उभी आज गो' आणि चौथीच्या आरंभाला 'दाबाई'. मी स्वतःची समजूत घातली की चाल लांबवली तर जोड कळणार नाही. 'गो' इतका ताणायचा, की त्यातूनच 'दाबाई' निघाली असं वाटावं. गच्चीवर दार लावून सराव केला. खालच्या क्लासची पोरं वर बघायला लागली.

लग्न बडनेरा रोडवरच्या एका मंगल कार्यालयात होतं. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत पंजाबराव, रेणुकाताई, आणि त्यांच्यामागे, कोणी बोलावलं कोणास ठाऊक, तो शुभम कवी. गोदाबाई हिरव्या शालूत दामिनीच्या मागे उभी होती, मांडवात पुढेच, अगदी अंतरपाटाजवळ. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण डोक्यावरचा पदर नीट केला. फोटो काढणाऱ्यासमोर करतात तसा.

पहिली दोन कडवी झकास झाली. 'पंजाबरावांघरी'ला तर अकोल्याच्या पाहुण्यांनी शिट्टी मारली. मग शेवटचं कडवं. तिसरी ओळ आली. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "आई उभी आज गोऽऽऽ..."

मी तो ताणला. फारच ताणला. आमच्याकडे लांब सूर म्हणजे शेवट, हे लहान पोरालाही माहीत आहे. दाराशी उभ्या असलेल्या बँडवाल्याने शेवट झाला असं समजून ढोलावर टिपरू हाणलं. ढोल ऐकून हजार हातांनी अक्षता सोडल्या. अक्षता पाहून भटजींनी घाईघाईने "सावधान" म्हणत अंतरपाट ओढला. विपुलने हार घातला. फटाके वाजले. मी चौथ्या ओळीसाठी तोंड उघडलं होतं, त्यात तांदूळ गेले. 'दाबाई' मी म्हटलं, शपथेवर सांगतो. पण ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

त्यानंतर जे झालं ते त्याहून वाईट. पंजाबरावांनी मला मिठी मारली. "व्याहीबुवा, बापाचं काळीज! 'आई उभी आज' म्हनलं अन् गळा भरला. पुढं शब्दच फुटला नाही. आमच्या मंडळीचे डोळे भरून आले." रेणुकाताई पदराने डोळे पुसत होत्या. दहा-पंधरा लोक येऊन पाठ थोपटून गेले. माझ्या साऱ्या कवितांना मिळून मिळाली नसेल इतकी दाद एका 'गो'ला मिळाली. आणि मी? मी डोळे मिटून, मान हलवून, ती सगळी घेतली. फक्त शुभमने पाया पडताना हळूच म्हटलं, "सर, शब्द ओळीवर तोडला जी." मी त्याला जेवून जायला सांगितलं.

गोदाबाई कामाला लागली. ती पंगतीत फिरली, विहिणीला आग्रह करून वाढलं, भांडीवाल्याशी भांडली, ओटी भरली. मी दोनदा तिच्या वाटेत उभा राहिलो, दोनदा ती "सरा बाजूले" म्हणून निघून गेली. मला ती माझ्यावर ओरडायला हवी होती. ती ओरडली असती तर मी कारणं दिली असती. माझ्याकडे कारणांचा साठा मोठा आहे. बँड, भटजी, ढोल, तांदूळ. तिने एकही मागितलं नाही. मला आतून फार लाज वाटली.

पाठवणी उन्हं कलल्यावर झाली. गाडी फुलांनी सजलेली. दामिनी मला बिलगून रडली, मग आईला बिलगली. गोदाबाई रडली नाही. ती हसत होती. विनाकारण, मोठ्याने. "जा वं, अकोला काय लंडनले हाय? दोन घंट्यात येजो." पोरीच्या पाठीवरून हात फिरवत ती हसत राहिली, गाडीचं दार लागलं तरी हसत राहिली, आणि गाडी रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिचा हसरा चेहरा तसाच होता. आता तो कोणासाठी धरून ठेवला होता, कळत नव्हतं. लोक पांगले. फाटकाशी आम्ही दोघंच उरलो.

मी काही ठरवलं नव्हतं. बोटंही मोजली नाहीत. माईक नव्हता, सूर लावला नाही. तिच्याकडे पाहत नुसतं बोलल्यासारखं तोंडातून निघालं:

"गोदाबाई... उगिच हसली... लेक गाडीत गेली."

ती माझ्याकडे वळली. तिचं हसू हळूहळू उतरलं. "काय म्हनलं?"

मी पुन्हा म्हटलं. चार लांब अक्षरं, मग थांबा. ती ओठ हलवत ऐकत होती. मग तिथेच, फाटकाच्या खांबाला हात टेकून, ती रडली. सकाळपासूनचं सगळं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यावरून जाणारे पाहत होते, त्यांना पाहू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी ओळ खरी होती, हे मला कळलं, आणि ती बसवायला काहीच करावं लागलं नव्हतं, हेही कळलं.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "हे मांडवात काहून नाही म्हनलं?"

"ते बसत नव्हतं गं. तुझं नाव त्या वृत्तात बसतच नाही. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

"येवढंच? मंग सांगाचं होतं. मी काय खाऊन टाकलं असतं?" ती पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली. गाडी गेलेल्या बाजूला आता एक ऑटो उभा होता. "दुसरी ओळ काय?"

"दुसरी नाही. एवढीच आली."

"मंग दुसऱ्या ओळीत तुमचं नाव टाका," ती म्हणाली आणि पदराच्या कोरड्या टोकाने माझा चेहरा पुसायला लागली. "मी उगीच हासली, ते तुमी पाह्यलं. गाडी निंघाल्यापासून तुमी किती रडून राह्यले, ते मीच पाहून राह्यली."